दुसरा सॅम्युअल

"हे बघ शेरी, मुखपृष्ठाचा नमुना आला!" म्हणत मिसेस हेलनी तो जाड, गुळगुळीत कागद माझ्यापुढे धरला. तेव्हा सात महिन्यांची रेवा माझ्या कमरेवर होती आणि खांद्यावरच्या पिशवीत, माझ्या टिपणवहीत, मिसेस हेलसाठी एक आनंदाची बातमी होती. ती सांगायची मी वाटेत दोनदा स्वतःशी तालीम केली होती.

त्यांनी शर्वरीचं शेरी केलं होतं. मी कागद वाचला. 'हार्टवेल गावाच्या पहिल्या चर्चची नोंदवही, १६३८ ते १६८०. लिप्यंतर आणि संपादन : डोरोथी टर्नर हेल.'

पुन्हा वाचला. उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"माझं नाव?"

"आहे ना. आत, आभारात. 'तसेच अनेक स्वयंसेवक.' त्यात तू आलीसच."

"पण लिप्यंतर मी केलंय, मिसेस हेल. दोन हिवाळे. तुम्ही म्हणाला होतात की नाव माझं राहील."

त्या हसल्या. पंच्याहत्तरीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या, गळ्यात मोत्यांचा एकच सर. गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. "डिअर, तू अक्षरं उतरवलीस. फार सुरेख उतरवलीस. पण ही माणसं कोण होती, काय सोसून इथे आली, हे तुला आतून कसं कळणार? हे आमचं रक्त आहे. तुला तुझ्या खापरपणजोबांचं नाव तरी माहीत आहे का?"

माहीत होतं. सात पिढ्या पाठ होत्या मला. पण मी काही बोलायच्या आत त्या रेवाच्या गालाला बोट लावत म्हणाल्या, "आणि खरं सांगायचं तर अर्धा वेळ तू त्या कपाटामागे हिला पाजतच असायचीस, नाही का? मी कधी बोलले नाही. पण आता बोलावं लागतंय. दारावर बघितलंस?"

मी वळून पाहिलं. येताना घाईत लक्ष गेलं नव्हतं. दाराच्या काचेवर छापील पाटी होती : 'वाचनकक्षात तान्ह्या मुलांना प्रवेश नाही.'

त्या खोलीत येणारं तान्हं मूल गावात एकच होतं.

मी पिशवीचा बंद घट्ट धरला. बातमी आतच राहिली.

ती बातमी काय होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हार्टवेल हे मॅसॅच्युसेट्समधलं लहानसं गाव. इंग्लंडातून धर्मापायी घरदार सोडून निघालेल्या प्युरिटन लोकांनी ते वसवलं. पुढच्या वर्षी गावाला तीनशे पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती आणि त्या दिवशी चर्चमध्ये पहिल्या वीस घराण्यांच्या आजच्या वारसांची नावं मोठ्याने वाचली जाणार होती. ज्याने वंशावळ कागदानिशी सिद्ध केली त्याचंच नाव. मिसेस हेल माहेरच्या टर्नर. त्यांचा दावा असा की आपण डीकन सॅम्युअल टर्नरच्या वंशातल्या. डीकन म्हणजे चर्चचा मोठा मानकरी. पहिल्या जहाजातून आलेला. अर्ध्या गावाला मिसेस हेलनी ही गोष्ट जन्मभर ऐकवली होती.

अडचण एकच होती. त्या काळात सॅम्युअल टर्नर नावाला तोटा नव्हता. डीकन सॅम्युअल. डीकनचा मुलगा सॅम्युअल. आणि तिसरा सॅम्युअल टर्नर, कुणाचाच कोणी नसलेला, करारावर बांधलेला चाकर. मालकाच्या कोठीतून चीजचा गड्डा चोरला म्हणून चर्चसमोर दहा फटके खाल्लेला. मिसेस हेलचा मूळपुरुष म्हणजे १६६८ साली मर्सी नावाच्या मुलीशी लग्न करणारा सॅम्युअल टर्नर. डीकन तोवर वारला होता. म्हणजे लग्न केलं ते एकतर त्याच्या मुलाने, नाहीतर चोराने.

आणि डीकनचा मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेला होता. ती नोंद मीच वाचली होती. '१६४३. सॅम्युअल, डीकन टर्नरचा पुत्र, घरामागील डबक्यात बुडाला. वय दोन वर्षे.' वाचलं त्या दिवशी मी रेवाला मांडीवरून खाली ठेवलंच नव्हतं.

बॉस्टनहून वंशावळी तपासायला येणारे मि. लॉरिंग यांनी नेमकं याच नोंदीवर बोट ठेवलं होतं. त्यांचं पत्र आल्यापासून मिसेस हेलना झोप नव्हती. "काहीतरी असेल शेरी. शोध. तूच शोधू शकशील."

ते मात्र खरं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं ते गिचमिड, शेपट्यांचं अक्षर मंडळात कुणालाच लागत नसे. माझे बाबा पुण्याला सरकारी दफ्तरात मोडी वाचायचे. दहाव्या वर्षीच त्यांनी मला शेजारी बसवून मोडी शिकवली होती. ज्याने मोडी वाचली त्याला असली अक्षरं घाबरवत नाहीत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. फुकट काम करायची होती. म्हणून दोन हिवाळे मी ती वही उतरवली. त्या पुस्तकावर माझं नाव येईल, ते बाबांना पाठवता येईल, एवढीच माझी मजुरी.

वहीतली दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. जुनी ओल. सगळ्यात शेवटी मी त्यांच्या मागे लागले. किंचित दमट टीपकागद, वर वजन, मग हाडाची पातळ पट्टी. तीन दिवस. आदल्या दुपारी ती सुटली आणि आत दिसलं : '१६४५, एप्रिल. बाप्तिस्मा झाला सॅम्युअलचा, डीकन टर्नर यांचा पुत्र.'

गेलेल्या लेकराचं नाव त्यांनी पुढच्या लेकराला दिलं होतं. या लोकांची ती रीतच होती. वहीत आणखी चार घरांत मला तसं दिसलं होतं आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला होता. आमच्याकडे मूल जगत नसलं तर पुढच्याला धोंडू म्हणतात, दगडू म्हणतात. मरणाची नजर दुसरीकडे वळावी म्हणून. गेलेल्याचं नाव पुन्हा पाळण्यात घालायची कुणाची छाती होणार नाही. ही माणसं घालत होती.

म्हणजे मिसेस हेल खऱ्या होत्या. हा दुसरा सॅम्युअल तेविसाव्या वर्षी मर्सीशी लग्न करायला जिवंत होता.

ही बातमी घेऊन मी आले होते. तीच घेऊन परत गेले.

त्या आठवड्यात मी शेवटची पानं टाइप करून दिली. चिकटलेल्या पानांच्या जागी लिहिलं : 'येथे दोन पाने चिकटलेली, फाटण्याच्या भीतीने उघडलेली नाहीत.' पानं मी पुन्हा मिटवून, दाबून ठेवली होती. वरवर पाहणाऱ्याला ती एकच वाटत.

पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी मि. लॉरिंग आले. म्हातारे, मऊ बोलणारे, कोटाच्या खिशात स्वतःचं भिंग. मंडळाचे सहा सभासद लांब टेबलाभोवती बसलेले. लिप्यंतर करणारी म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. रेवाला नवऱ्याकडे, हृषीकेशकडे, घरी ठेवलं होतं. पाटी होती ना.

"मिसेस हेल, दफनाची नोंद स्पष्ट आहे," मि. लॉरिंग म्हणाले. "डीकनचा मुलगा १६४३ साली वारला. तुमच्याकडे याविरुद्ध काही आहे?"

मिसेस हेलनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"शेरीने सगळी वही वाचली आहे. तिला विचारा."

मि. लॉरिंग माझ्याकडे वळले. "छान काम आहे तुमचं, बाई. मी रोज असली अक्षरं वाचतो, म्हणून सांगतो. आता मला एक सांगा. हे लोक मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवत. डीकनला पुढे आणखी एखादा सॅम्युअल झाल्याची नोंद तुम्हाला कुठे दिसली?"

खोलीत कुणीतरी कप खाली ठेवला.

"नाही," मी म्हटलं.

"ही चिकटलेली पानं?" त्यांनी वही उघडली, हात पुढे केला. त्यांची नखं पानाच्या कडेला लागली.

"ओढलं तर फाटेल," मी म्हटलं. "मी प्रयत्न करून बघितला."

त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. जुन्या कागदावर जीव असलेला माणूस. "नको, नको. राहू द्या. मग मिसेस हेल, मला दिलगिरी वाटते, पण उरतो एकच सॅम्युअल टर्नर."

"कोणता?" मिसेस हेलनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं तरी विचारलं.

"तो... चाकर."

"चीजवाला?" मि. बार्न्स म्हणाले. हे मंडळाचे उपाध्यक्ष, तांबड्या चेहऱ्याचे, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. "अरे देवा! डोरोथी, पुढच्या वेळी तू जेवायला येशील तेव्हा फ्रीजला कुलूप लावायला हवं!"

आधी एक हसला, मग सगळे. मि. लॉरिंगनी खाली पाहिलं. मिसेस हेलनी हातातल्या कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या, उठल्या, "एक्सक्यूज मी" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावरून शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

घरी जाताना मी गाडीत गाणं म्हणत होते. लाज वाटते, पण म्हणत होते.

"काय झालं?" हृषीकेशने दारातच विचारलं.

मी रेवाला त्याच्या हातातून ओढून घेतलं, गरागरा फिरवलं. "पडली! तोंडावर पडली! सगळ्यांसमोर. तू बघायला हवं होतंस."

"पण तू तर म्हणाली होतीस की दुसरा मुलगा सापडला?"

"सापडला होता. आता नाही सापडला."

"अगं, वही तिथेच आहे."

"असू दे. वाचणार कोण?"

"हे बरं नाही केलंस, शर्वरी."

"तिने केलं ते बरं होतं? माझ्या पोरीला दाराबाहेर ठेवायची पाटी लावली तिने. दोन वर्षं माझ्या डोळ्यांच्या खाचा झाल्या आणि माझं नाव 'तसेच अनेक'! तुला काय रे, तुझं नाव तुझ्या ऑफिसच्या दारावर आहे."

मी रेवाला पाजायला बसले आणि त्या दिवशी दूध कसं भरभरून आलं.

मिसेस हेलनी अध्यक्षपद सोडलं. बार्न्स अध्यक्ष झाले. त्यांनी पाटी काढून टाकली. स्वतःच्या दुकानातून रेवासाठी लाकडी कुंपणाचं खेळघरही आणून दिलं. मी परत जायला लागले; बाकी राहिलेली सूची करायची होती.

आणि जानेवारीत एका मंगळवारी मिसेस हेल आल्या. मोती नव्हते. खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या, वही मागितली, भिंग काढलं आणि शाळकरी मुलांची असते तशी रेघांची वही. तेव्हापासून दर मंगळवारी. मला वाटलं, चोराचा माग काढतायत. काढू दे म्हटलं.

तिसऱ्या मंगळवारी त्या माझ्याजवळ आल्या. "हे अक्षर एस आहे की एफ?"

मी वर पाहिलं. तो क्षण मी किती वेळा मनात रंगवला होता! "एस, डिअर," मी म्हटलं. त्यांच्याच सुरात. "शेपूट बघायची असते. तुम्हाला आतून कळायला हवं खरं तर, नाही का?"

त्यांचा चेहरा हलला नाही. "शिकवशील?"

मी शिकवलं. हो, शिकवलं. गोडी लागली होती मला त्याची. दर मंगळवारी अर्धा तास त्या पोरीसारख्या माझ्या शेजारी बसायच्या, चुकायच्या, आणि मी "पुन्हा बघा" म्हणायचे. एकदा रेवाने त्यांचं भिंग ओढलं तर त्यांनी ते तिच्या हाती दिलं आणि तिच्या डोळ्याला लावून दाखवलं. मला ते आवडलं नाही. हरलेल्या माणसाने हरल्यासारखं राहावं, असं मला वाटत होतं.

मार्चच्या शेवटी त्यांचं येणं थांबलं. मे महिन्यात चिठ्ठी आली : 'पुस्तक छापून आलं आहे. चहाला ये. मुलीला आण.'

त्यांच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर पाच प्रती रचून ठेवल्या होत्या. गडद निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. मी वरची प्रत उचलली.

'हार्टवेल गावाच्या पहिल्या चर्चची नोंदवही. लिप्यंतर आणि संपादन : शर्वरी हृषीकेश गुप्ते. मूळ वहीशी अक्षरशः ताडून पाहिलेले.'

दुसरं कुठलंच नाव नव्हतं. माझे डोळे भरून आले. काय हे माणसाचं मन! त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर, मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

"फक्त माझं नाव?"

"बार्न्सला मंडळाचं नाव हवं होतं. मीच हट्ट धरला. छपाईचा खर्च माझा, तेव्हा त्याला ऐकावं लागलं." त्यांनी कपात चहा ओतला. "एक गोष्ट दाखवायची आहे तुला."

त्यांनी कपाटातून जाडजूड बायबल आणलं. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले होते, निळ्या शाईत, वळणदार. त्यांनी बोट ठेवलं. 'डोरोथी, जन्म २ मार्च १९३७. मृत्यू २१ मार्च १९३७.' आणि त्याच्या खाली : 'डोरोथी, जन्म ९ ऑगस्ट १९३८.'

"ही खालची मी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात ती रीत कधी थांबलीच नाही. आई मला नावाने हाक मारायची तेव्हा किती वेळा ती दुसरीलाच मारतेय असं वाटायचं. जन्मभर कुणाच्या तरी जागेवर बसल्यासारखं. म्हणून मग डीकनचं वंशज असणं इतकं घट्ट धरून ठेवलं असेल. कोण जाणे."

मी कप खाली ठेवला.

"त्यामुळे लॉरिंगने तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तेव्हा मला तुझा संशय नाही आला. मला माझ्या लोकांची खात्री वाटली. डीकनच्या बायकोने ते नाव पुन्हा ठेवलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. फक्त मला वाचता येत नव्हतं." त्यांनी साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "मग तू शिकवलंस."

"ती पानं..."

"हात लावला तर सुटली. कुणीतरी किती हळुवार हाताने सोडवलेली! एक तंतू तुटला नव्हता. एप्रिल १६४५. एस मला लगेच ओळखू आला."

रेवा गालिच्यावर बसून चमचा आपटत होती.

"तुम्ही सांगितलं का नाहीत कुणाला? पुस्तक छापायच्या आधी?"

"काय झालं असतं सांगून? यादीत माझं नाव आलं असतं. एक सकाळ टाळ्या. आणि तू रडली असतीस, पानं चिकटली होती म्हणाली असतीस. तान्ह्या मुलाची आई. सगळ्यांनी तुला माफ केलं असतं. बार्न्सने तर केक आणला असता."

त्या पहिल्यांदा हसल्या. ते हसू मला ओळखीचं होतं. गाडीत आरशात मी ते माझ्याच तोंडावर पाहिलं होतं.

"मी तुझं नाव घेतलं होतं शेरी. ती चोरी होती, कबूल. चीजपेक्षा मोठी. म्हणून परत केलं. जिथे हवं होतं तिथे, सोन्यात. चारशे प्रती निघाल्या आहेत. बॉस्टनला गेल्या, लंडनला गेल्या. यापुढे टर्नरांवर जो कोणी लिहील तो तुझा हवाला देईल. 'अक्षरशः ताडून पाहिलेले.' पान सत्तेचाळीस, 'उघडलेली नाहीत.' लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील."

"मी सांगेन सगळ्यांना," मी म्हटलं. "लॉरिंगना पत्र लिहीन."

"लिही ना. मी अडवणार नाही. मला विचारलं तर मी म्हणेन, मला म्हातारीला काय वाचता येतंय!" त्यांनी रेवाच्या हातात बिस्किट दिलं. "पण आधी तुला हे लिहावं लागेल की तू वाचलं होतंस."

चार प्रती त्यांनी माझ्या पिशवीत घातल्या. मी त्या घेतल्या. घ्यायला नको होत्या, पण घेतल्या.

गावाचा सोहळा जूनमध्ये झाला. वीस घराणी वाचली गेली, टर्नर सोडून. मिसेस हेल पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मी तोवर लॉरिंगना तीन पत्रं लिहून फाडली होती.

मला न विचारता हृषीकेशने एक प्रत पुण्याला पाठवून दिली होती. त्याला वाटलं, मला आनंद होईल. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. मागे माणसांचा आवाज. त्यांनी दफ्तरातले जुने सहकारी बोलावले होते पुस्तक दाखवायला.

"बाळ, मी सगळं वाचलं," ते म्हणाले. "इंग्रजी जड जातं, पण भिंग घेऊन वाचलं. जोशी इथे बसलेत, त्यांना मी मुखपृष्ठ दोनदा वाचून दाखवलं. एक विचारू का? रागावू नकोस. सत्तेचाळीसाव्या पानावर तू पानं चिकटल्याचं लिहिलंयस."

"हो बाबा."

"आत काय असेल याचा मोह नाही झाला तुला? मला तर रात्रभर चैन पडलं नसतं."

रेवा माझ्या साडीच्या टोकाला धरून उभी राहायला शिकत होती. उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली.

"झाला," मी म्हटलं.

"पण हात लावला नाहीस. बघा जोशी!" ते फोनपासून तोंड लांब करून ओरडले. "बघा, मी काय सांगत होतो! दिसलं तेवढंच लिहिलंय पोरीने, एक अक्षर वावगं नाही! दफ्तरात चाळीस वर्षं काढली, पण असा प्रामाणिक हात मी पाहिला नाही." मग पुन्हा जवळ येऊन, "ऐकतेयस ना गं?"

"ऐकतेय, बाबा," मी म्हटलं.